सावळीचा धवला

हळद केव्हाच पिठासारखी बारीक झाली होती, तरी मुसळं थांबत नव्हती. उखळाच्या एका अंगाला भागीरथी, दुसऱ्या अंगाला तिची नवरी लेक सावळी. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. दोघींच्या पापण्यांवर हळद बसली होती. मांडवाखाली जमलेल्या सुवासिनी सकाळी हसत-चेष्टा करत होत्या, त्या आता एकमेकींकडे बघायचंही टाळत होत्या. भागीरथीचे ओठ हलताना दिसत होते. देवाचं नाव घेत असेल, असं त्यांना वाटलं.

सकुबाईनं सुपातली उरलेली हळकुंडं उखळात लोटली. कांडायला काहीतरी हवंच ना. ती भागीरथीची धाकटी जाऊ; जिभेची तिखट, पण थोरल्या जावेचं वाईट तिनं कधी चिंतलं नव्हतं. आज मात्र तिला जावेकडे बघवत नव्हतं.

"बाय, जरा टेक गो. हात भरून आलं आसतील."

"येल आता," भागीरथी म्हणाली. "थांबलं का तुटंल."

"काय तुटंल? आजून धागा धरलायस कुठं?"

भागीरथीनं मुसळ उचललं आणि टाकलं.

भागीरथीच्या नवऱ्याच्या, धर्माच्या घरची रीत शहापूरपासून मुरबाडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. या मुलखात लग्नाला भटजी असो नसो, धवलारीण लागते. तिनं लग्नाची गाणी, धवले, गायल्याशिवाय हळद लागत नाही. भागीरथी ही पंचक्रोशीची धवलारीण. गावच्या पोरींना ती ठरलेल्या चालींवर गायची, पण घरच्या लेकीची गोष्ट निराळी. घरच्या लेकीला तिची स्वतःची चाल. बोल तेच, पण चाल अगदी नवी, आणि ती आधी बसून जुळवायची नाही. हळद कांडताना लेकीच्या हाताचा ठेका आईच्या हातात उतरतो आणि गळ्यातून चाल येते. तिच्यावर हळद लागते आणि पुढे ती चाल त्या पोरीची. सासरी जात्यावर बसून तिनं ती म्हणायची. दागिने सासू काढून ठेवील, चाल कोण काढून ठेवणार, असं भागीरथीची सासू म्हणत असे. आणि बाई गेली की चालही गेली. मग ती कुणी ओठावर आणायची नाही.

थोरल्या राहीच्या वेळी जेमतेम हळकुंडं फुटली होती, तोच चाल आली. बाया म्हणाल्या होत्या, पोर नशिबाची. नशीब असं की टोकावड्याला सासरी पहिल्याच बाळंतपणात राही गेली. त्याला तीन वर्षं झाली. आता सावळीही टोकावड्यालाच पडत होती. राहीच्या सासरच्या शेजारणीनं, ताराबाईनं, आपल्या भाच्यासाठी, कोंडूसाठी, हौसेनं मागणी घातली होती.

सकुबाईची नजर ओटीवर गेली. तिथं धुतलेल्या पंच्याखाली बाजाची पेटी झाकून ठेवली होती. सगळ्याचं मूळ ते, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर पेटी घरात आली तेव्हा ती गावभर मिरवली होती सकुबाईनंच. आमचा जयराम मुंबईत गान्याचा मास्तर व्हनार होता, ती मेली लढाई मधे कडमडली, असं तिनं पाणवठ्यावर ज्याला त्याला सांगितलं होतं. भागीरथीचा मुलगा जयराम लहानपणापासून सकुबाईच्या नवऱ्याजवळ, मुंबईत गिरणीच्या चाळीत वाढलेला. पौषात बाँबच्या भीतीनं मुंबई ओस पडायला लागली, गिरगावातला गायनवर्ग बंद पडला, आणि पुतण्या पेटी घेऊन घरी आला. तेव्हापासून मायलेक ओटीवर बसून सारेगम करत होती.

सकुबाई तरातरा ओटीवर गेली. जयराम खांबाला टेकून बसला होता. त्याचा बाप धर्मा उंबराच्या डहाळ्या बांधत होता.

"तुझी आय तिकडं मरत्ये आन तू हितं बसलायस?"

"मी काय करू, काकी?"

"काय केलंस ते सांग आदी. सात पोरींना सात चाली देनारी बाई ही. भावकीतल्यासुद्धा धरून. आज गला बांधल्यासारकी झालीय."

"मी फक्त सूर शिकवले. तीच म्हणाली, शिकव म्हणून."

"तिला सूर येत नवतं व्हय?" धर्मानं विचारलं. हा माणूस पेटीच्या पहिल्या दिवसापासून विरुद्ध होता, पण बोलला नव्हता. तो एरवीही फार बोलत नसे.

"येत होते, बाबा. पण एक गंधार ती दरवेळी निराळ्या जागी लावायची. कोमल म्हणावा तर वर, शुद्ध म्हणावा तर खाली. ठेकाही तसाच. कुठं आठ मात्रा, कुठं साडेसात. मी एवढंच म्हटलं की आठ धरायच्या तर आठच धर, बोटांवर मोजून. तिला आवडलं ते. गुणी विद्यार्थ्यासारखी शिकली."

यात खोटं काहीच नव्हतं. भागीरथीला खरंच आवडलं होतं. मुलगा नऊ वर्षांचा असताना मुंबईला गेला तो पाहुण्यासारखा येई आणि जाई. आता तो रोज शेजारी बसून तिचं गाणं कान देऊन ऐकत होता, तिचं चुकलं की हसून सांगत होता. त्या सुखापायी तिनं कोमल, शुद्ध, काय म्हणेल ते गळ्यात घातलं. त्या सुखाची किंमत काय, हे विचारायचं कुणाला सुचणार?

धर्मानं डहाळी बांधून पुरी केली आणि मुलाजवळ येऊन उभा राहिला.

"वराड निगालं आसंल. दिवस म्हावलीच्या डोंगराआड जायच्या आदी हलद लागली पायजे. दिवं लावायला राकेल नाय. तुला येतं ना हे सगलं? मंग तूच कर एक."

"मी?"

"चाल कर आन तुज्या आयच्या गल्यात घाल. कोनाला कलनार नाय."

मघापर्यंत सकुबाई पेटी उचलून ओढ्यात टाकायला तयार होती. आता तीच म्हणाली, "कर बाबा. काय व्हईल ते व्हईल. पोर उगडी जायला नको."

*

जयराम पेटी घेऊन गोठ्यामागच्या फणसाखाली बसला.

तिसरा प्रहर होईल हळदीला. तिसऱ्या प्रहराला राग भीमपलास. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, गंधार-निषाद कोमल, मध्यमावर थांबायचं. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं आठ मात्रा बोटांवर धरल्या आणि एक ओळ बसवली. शुद्ध होती, नियमाला धरून होती, आणि वर्गातल्या पाठासारखी होती. पुसली. दुसरी बसवली. तीही तशीच.

लहानपणी उखळापाशी बसून तो आईचं ऐकत असे. आपल्यालाही अशी येईल म्हणून डोळे मिटून बसे. कधी आली नाही. एकदा तो रडला तेव्हा आई म्हणाली होती, बोलवून येत नाय रे ती, वाट बगायची. किती वाट बघायची? मुंबईत वर्गात पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर सात अक्षरं लिहिली, आणि पोराला वाटलं, हे तर शिकता येतं. याची वाट बघावी लागत नाही. त्या दिवशी तो नियमांच्या पाया पडला तो कायमचा. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्यानं नळाला नावं ठेवू नयेत, असं तो स्वतःशी म्हणे. पण आईची चाल तिच्यापाशी बसून सरळ करताना त्याला जे समाधान होई, त्यात थोडी असूया होती. आज फणसाखाली हे त्याला स्वतःपाशी कबूल करावं लागलं, आणि कबूल करूनही चाल येईना.

मग त्यानं विचार करायचं सोडलं. उरलाच नव्हता विचार. बोटं पट्ट्यांवर पडली ती मध्यमावरून खाली उतरली, गंधारावर रेंगाळली, षड्जाला न टेकता परत वर गेली. त्यानं पुन्हा वाजवून पाहिलं. चांगली होती. कुठं नियमही मोडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं.

"आय," त्यानं हाक मारली. "इकडं ये. मिळाली."

*

सावळी माजघरात पाटावर बसली होती. कुडापलीकडून पेटीचे सूर येत होते, भाऊ सांगत होता आणि आई मागून म्हणत होती. मधेच भाऊ म्हणे, "तिथं खाली आण. आणखी नको. हां, तिथंच." आई पुन्हा म्हणे. सावळीला ते ऐकताना लाज वाटली. भाऊ मास्तर झाला होता आणि आई पाटी घेऊन बसली होती.

आपल्याच हातात काही नाही की काय, असं तिला सकाळपासून वाटत होतं. राहीच्या हातातून आईला चाल मिळाली. आपल्या हातातून का मिळत नाही? तिनं मुसळ जोरात मारून पाहिलं, हळू मारून पाहिलं. तळहाताला फोड आला होता. राही माहेरी आली की पहाटे जात्यावर तिची चाल म्हणायची, आणि अंथरुणात पडल्या पडल्या सावळी ठरवायची की आपली कशी असेल. उड्या मारणारी असावी, असं तिला वाटे.

भागीरथी आत आली. पदरानं तिनं लेकीचा चेहरा पुसला, पण हळद निघेना.

"मिलाली," ती म्हणाली.

"दादानं केली ती."

"केली तर काय झालं? तुजा भाऊस ना तो?"

"नसली तरी चालंल, आय. गावच्या पोरींचा धवला म्हन. मला चालंल."

हे खोटं होतं आणि दोघींना ते कळलं. भागीरथी लेकीसमोर खाली बसली. तिचा हात हातात घेऊन फोडावरून अंगठा फिरवू लागली.

"तुज्या हातात ठेका हाय गो. मला लागतोय. पन तो वर येतो तवर मी विचारते, हा कोंचा? आन विचारलं का तो जातो. पयलं मी विचारत नवते. आता विचारल्याबिगर ऱ्हावत नाय."

"मंग नको ना विचारू."

"कसं नको करू? तू एकांदी गोष्ट शिकलीस, ती ईसरून दाव."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, कुत्री भुंकायला लागली, आणि सकुबाई ओरडली की वऱ्हाड आलं.

*

ताराबाई उष्टी हळद घेऊन आली. नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीला लागायची असते, त्यासाठी वराकडच्या बायांचा घोळका तिच्यामागं होता. ताराबाई थोराड, गोरी, बोलायला मऊ बाई. मांडवात पाटावर बसवलेल्या सावळीकडे बघून तिनं आधी डोळे पुसले.

"अशीच ती बसली होती," ती म्हणाली. नाव घेतलं नाही.

जयरामनं पेटी मांडवाच्या कडेला ठेवली होती. वऱ्हाडातले बाप्ये कौतुकानं बघत होते. पेटीवरचा धवला कुणी ऐकला नव्हता. धर्मा खांबाशी उभा राहिला. जयरामनं भाता हलवला, षड्ज धरला आणि आईकडे बघून मान हलवली.

भागीरथीनं सुरुवात केली.

*हलद चढली गो, लेकी हलद चढली,*
*आयच्या हाताची गो, हलद चढली.*

पहिली ओळ ती पायाखाली बघत चालल्यासारखी गायली. हा मध्यम, इथं थांबायचं. हा गंधार, आणखी खाली नको. बोटं पदराआड मोजत होती. सुवासिनींनी ओळ उचलली. सकुबाईनं हळदीची पहिली बोटं सावळीच्या पायाला लावली. चाललं होतं. धर्माचा श्वास सुटलेला भागीरथीला दिसला.

दुसऱ्या ओळीला ती गंधारावर आली आणि तिचा गळा पेटीपासून किंचित सुटला. किती, ते तिला सांगता आलं नसतं. केसाएवढा. पण त्या जागी ऊब होती. मग तिनं काही केलंच नाही. पुढचा सूर आपण होऊन आला, त्याच्यामागून तिसरा, आणि ठेका मध्येच अर्धा पाऊल टाकून पुढे गेला. मोजणारी बोटं थांबली. पौषापासून आटलेलं सगळं एकदम भरून आलं. तिला आनंद झाला. तो इतका होता की तिचे डोळे मिटले आणि आवाज मांडवाबाहेर गेला. आली, ती मनात म्हणाली, आली गो बाय.

तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिला ओळख पटली. ही राहीची होती.

थांबायला हवं होतं. तिला ते कळत होतं, आणि तरी ती ओळ तिनं पुरी म्हटली. कारण गेलेली लेक समोर आली होती आणि आणखी एक ओळ ती राहणार होती. डोळे उघडले तेव्हा मागून कुणी म्हणत नव्हतं. पेटी थांबली होती. ताराबाई उभी होती आणि तिच्या हातातलं हळदीचं ताट तिरकं झालं होतं.

"भागीरथी," ती हळूच म्हणाली. "ही तिची."

जयराम घाईघाईनं म्हणाला, "नाही, ताराबाई. ही चाल मी केली आहे. आज केली. भीमपलासातली आहे, राहीच्या चालीशी हिचा काही संबंध नाही."

"मास्तर, तुमच्या पेटीत निराली आसंल. मी ती दोन वरसं रोज पहाटं भिंतीपलीकडनं ऐकलीय. आन ज्या दिशी बंद झाली त्या दिशीपन मीच व्हते तिकडं."

जयरामचे हात पट्ट्यांवरच होते. मध्यमावरून खाली, गंधारावर रेंगाळून, षड्जाला न टेकता वर. आता त्याला ते ऐकू आलं. पौषात आईकडून काढून घेऊन त्यानं सर्वांत आधी सरळ केलेली चाल हीच. बाई गेली की ओठावर आणायची नाही, ही रीत त्याला माहीत होती. पण पेटीला ओठ नसतात, असा त्यानं युक्तिवाद केला होता, आणि आईनं मुलाचं ऐकलं होतं. जन्मात एकदा काही आलं, ते त्याचं नव्हतं.

वऱ्हाडातल्या बाया कुजबुजायला लागल्या. मेलेलीची चाल जित्या पोरीला. एकीनं उठून आपलं मूल उचललं. धर्मा ताराबाईसमोर हात जोडून उभा राहिला.

"मला कोनाला नावं ठेवायची नाय," ताराबाई म्हणाली. "पन ह्या चालीवर मी हलद लावू देनार नाय. माजा एकुलता भाचा हाय. आमच्यासंगं बाईजा आलीय, आमची धवलारीन. ती म्हनंल."

"थांबा." पाटावरून सावळी बोलली. नवरीनं बोलायचं नसतं; सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "मला हीच द्या."

"सावळे," धर्मा म्हणाला.

"हीच द्या, बाबा. मला भ्या नाय वाटत. राहीचीच हाय ना? परक्याची तर नाय."

सकुबाईनं जावेकडे पाहिलं. सकाळपासून ती कुणाच्या बाजूची, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आता कळलं. "द्या की तिला," ती म्हणाली. "चाल काय मानूस मारते? बालंतपनानं मेली राही. बाय, म्हन तू. मी उचलते मागनं."

जयरामही म्हणाला, "म्हण, आय."

सगळी घरची माणसं पहिल्यांदाच एका बाजूला आली होती. ताराबाईसुद्धा भागीरथीकडे बघत राहिली. भागीरथी म्हणाली असती तर कदाचित तिनं ताट खाली ठेवलं नसतं.

भागीरथीला गळ्यात चाल लागत होती. तोंड उघडलं की आली असती. तिनं सावळीच्या पिवळ्या पायांकडे पाहिलं. राहीचे पायही असेच होते, आणि तिला गाडीत घालून आणलं तेव्हा तेच पाय आधी दिसले होते.

"नाय," ती म्हणाली.

"आय—"

"ती चाल घेऊन एक गेली त्या गावाला. दुसरी मी तिच्यासंगं धाडनार नाय. बाईजा, म्हन बाय तू."

"मंग माजं काय?" सावळीनं विचारलं.

भागीरथीनं धवलारणीच्या मानाचा नारळ उचलून बाईजाच्या ओटीत घातला आणि ती मांडवाबाहेर गेली. बाईजा उमद्या गळ्याची बाई होती. पदर खोचून तिनं खणखणीत आवाजात धवला सुरू केला. आसनगावापासून घाटापर्यंत सगळ्या पोरींना लागतो तोच. बायांना तो पाठ होता. सगळ्यांनी उचलला, हळद लागली, आणि दिवस माहुलीआड जायच्या आत सगळं आटोपलं. पाटावर सावळी मान खाली घालून बसली होती. नवरीनं बसावं तशीच बसली, असं वऱ्हाडातल्या बाया म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि दुपारी गाड्या निघाल्या. सावळी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. आईच्या गळ्यात पडली तेव्हा रडली नाही. चाकोरीतून गाड्या खाली उतरल्या, मुरबाडच्या वाटेला लागल्या, आणि वळणापर्यंत बाईजाचा आवाज येत राहिला.

धर्मा मांडव सोडायला लागला. एवढी घाई कसली, असं कुणी विचारलं नाही. जयराम ओटीवर पेटी बंद करायला बसला, तेव्हा भागीरथी येऊन त्याच्याजवळ टेकली. पौषापासून बसायची त्याच जागी.

"तो सूर वाजव," ती म्हणाली. "माजा चुकायचा तो."

"आय, राहू दे आता."

"वाजव रे."

त्यानं कोमल गंधार वाजवला. ती मान हलवत नाही म्हणाली. त्यानं शुद्ध वाजवला. तोही नव्हे. मग त्यानं दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, तसा पेटीतून कर्कश आवाज निघाला आणि अंगणातला बैल दचकला.

"मधे काय हाय?" भागीरथीनं विचारलं.

जयरामनं वाकून पाहिलं, जणू त्याला माहीत नव्हतं. "काही नाही. फट आहे."

"मंग तिकडंच पडला आसंल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी पेटी विकून टाकतो."

"तिचा काय दोस? ठेव. तुला लागंल ती." मग म्हणाली, "तूपन लई वाट बगितलीस, नाय रे? ल्हानपनी. मला दिसायचं."

त्याला मान वर करता आली नाही. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठली. आतून सकुबाई विचारत होती, उखळात हळद राहिलीय तिचं काय करायचं. "मी बगते," भागीरथी म्हणाली.

थोड्या वेळानं मुसळाचा आवाज आला. एक ठोका, मग दुसरा. समोर दुसरं मुसळ नव्हतं, तरी ती मधली जागा सोडून मारत होती. जयराम पेटी तशीच टाकून उठला. त्याला वाटलं, आता माणसं गेली, कुणी ऐकायला नाही, आता येईल. तो अनवाणी, आवाज न करता मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आईची त्याच्याकडे पाठ होती. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं, आणि ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. त्यानं कान दिला.

"पाच, सा, सात, आठ," भागीरथी म्हणत होती. "एक, दोन, तीन, चार."